कोबीचे दोन वाफे

"या वेळी काही चुकणार नाही," डॉक्टरांनी बुटाची नाडी बांधता बांधता बायकोला सांगितलं. "आज मला एक शब्दही बोलावा लागणार नाही. कोबीच बोलेल."

"कोबीला बोलू द्या," बायको म्हणाली. "म्हणजे तुम्ही गप्प बसाल."

हे डॉक्टर माणसांचे नव्हेत आणि जनावरांचेही नव्हेत. विद्यापीठाच्या कृषी संशोधन केंद्रात ते कोबीवर काम करत. आसपासच्या गावांत त्यांना 'कोबीडॉक्टर' म्हणत. तरीही महिन्यातून एकदा तरी कुणीतरी लंगडणारी शेळी घेऊन केंद्राच्या दारात उभं राहायचंच. डॉक्टर शेळीला शांतपणे तपासत, चार शब्द धीराचे सांगत आणि परत पाठवत. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तीन वर्षं खपून त्यांनी कोबीच्या मुळांना पाजायचं एक औषध तयार केलं होतं. त्याने गड्डा दीडपट भरतो असा त्यांचा दावा होता. आज तो दावा सगळ्यांसमोर सिद्ध व्हायचा होता. दोनशे शेतकरी येणार होते आणि मुख्य विद्यापीठातून संचालकबाई येणार होत्या. बाईंना फरक दिसला तर प्रकल्प आणखी तीन वर्षं चालणार. नाही दिसला तर प्रकल्प बंद, आणि त्यावर काम करणाऱ्या नऊ बायकांची रोजंदारीही बंद.

मांडणी अगदी सोपी होती. शेजारी शेजारी दोन वाफे, एकच बियाणं, एकच लावण. विहिरीकडच्या वाफ्याला औषध द्यायचं, रस्त्याकडच्या वाफ्याला काहीही नाही. दोन्हींसमोर हातभर उंचीच्या पाट्या: 'औषध दिलेला' आणि 'औषध न दिलेला'. औषध देऊन डॉक्टर तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेले होते. विषय होता, शेतकऱ्यांना आपलं म्हणणं पटवावं कसं. जाताना वाफे त्यांनी मावशींच्या हवाली केले होते. मावशी केंद्रावर अठ्ठावीस वर्षं कामाला होत्या. तिथल्या झाडांपेक्षा त्या जुन्या होत्या आणि झाडांपेक्षा कमी बोलत.

सकाळी सात वाजता डॉक्टर शेतावर पोहोचले आणि जागीच थांबले.

रस्त्याकडच्या वाफ्यात गड्डे असे भरले होते की एकेक उचलायला दोन हात लागावेत. पानं करकरीत, निळसर, कुठे एक भोक नाही. आणि विहिरीकडे, औषधाच्या वाफ्यात, कोबी कसला, जुनी गाळणी! पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या आणि त्या शिरांवर अळ्या आरामात पसरल्या होत्या.

डॉक्टरांनी पाट्या वाचल्या. चष्मा पुसून परत वाचल्या. मग वाफ्यांना एक चक्कर मारली, जणू दुसऱ्या बाजूने पाहिलं तर वेगळं दिसेल. दुसऱ्या बाजूने ते आणखी वाईट दिसत होतं.

डॉक्टर खोटारडे नव्हते. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर तीन वर्षं उभी राहिली, नऊ बायका उभ्या राहिल्या आणि संचालकबाईंची गाडी उभी राहिली. औषध खरं आहे, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आज एक दिवस कोबीची तब्येत ठीक नाही, इतकंच. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, दोन्ही पाट्या उपटल्या आणि अदलाबदल करून पुन्हा ठोकल्या. हाताची माती झटकून ते पाहुण्यांच्या स्वागताला निघून गेले.

दहा वाजता पाहुणे शेताकडे निघाले. पुढे डॉक्टर आणि त्यांच्यामागे संचालकबाई. बाई बारीक, पांढऱ्या केसांच्या, हातात वही, आणि समोरचा बोलणं संपवेपर्यंत पापणी न हलवणाऱ्या. मागे दोनशे शेतकरी. डॉक्टर उलटे चालत बोलत होते. श्रोत्यांकडे पाठ करायची नाही, हे ते प्रशिक्षणातच शिकले होते. वाफ्यांपाशी येऊन त्यांनी पाट्यांकडे पाठ केली आणि हात पसरले.

"मंडळी, पाटी वाचू नका. नुसतं बघा आणि सांगा, औषध कुठल्या वाफ्याला दिलंय?"

"रस्त्याकडच्या," दोनशे लोक म्हणाले.

"अगदी बरोबर."

"बरोबर कसं?" संचालकबाईंनी विचारलं. "त्या पाटीवर तर 'औषध न दिलेला' असं लिहिलंय."

डॉक्टर वळले. पाटी खरंच तसं म्हणत होती. सकाळी स्वतःच्या हातांनी ठोकलेली पाटी आपल्या जुन्या जागी परत गेली होती. आपल्याला वेड लागलं असावं, असा विचार त्यांच्या मनात क्षणभर येऊन गेला. पण आवाज त्यांनी ढळू दिला नाही.

"पाट्यांची अदलाबदल झालेली दिसते," ते म्हणाले. "कुणाची तरी चूक."

"माझी," गर्दीतून आवाज आला. मावशी पुढे आल्या. "मीच बदलल्या, मघाशी साडेआठला."

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. मावशींच्या पाया पडावं असं त्यांना वाटलं.

"का बदलल्यात?" बाईंनी विचारलं.

"डॉक्टरांची लाज राहावी म्हणून. त्यांच्या औषधाचा वाफा पार बसलाय. म्हटलं, पाटी तेवढी चांगल्या वाफ्यावर लावावी. आमचंही काम टिकेल."

डॉक्टरांनी डोळे मिटले.

बाईंनी वहीत एक चौकोन काढला, त्याशेजारी दुसरा, आणि त्या दोन चौकोनांवरून पेन्सिल फिरवली. "पण मावशी, तुम्ही बदलल्या असत्या, तर चांगल्या वाफ्यावर आत्ता 'औषध दिलेला' असायला हवं होतं."

"तसंच आहे ना?"

"नाहीये. तुम्ही वाचून बदलल्या का?"

"चष्मा घरी राहिला. पण पहिल्या दिवसापासून कुठली पाटी कुठे आहे ते मला पाठ आहे."

"म्हणजे तुमच्याआधी कुणीतरी त्या एकदा बदलल्या होत्या," बाई म्हणाल्या.

दोनशे माणसं, संचालकबाई आणि मावशी, सगळे डॉक्टरांकडे बघत राहिले. समोरच्याला पटवण्याचे अकरा मार्ग डॉक्टर शिकून आले होते. त्यातला एकही त्यांना आठवेना.

"मी," ते म्हणाले. "सात वाजता."

सगळ्यात आधी मागे उभा असलेला एक म्हातारा हसला. मग हसू पुढे पुढे येत थेट डॉक्टरांपर्यंत पोहोचलं आणि त्यांनाही आवरेना. हसल्या नाहीत त्या फक्त संचालकबाई. त्या वाफ्यात उतरल्या आणि एका गड्ड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "पण औषध न देता हा असा वाढला कसा?"

मावशी खाली बघू लागल्या. "दोन सारखी लेकरं. एकाला एवढं कौतुकाचं औषध आणि दुसऱ्याला काहीच नाही. मला बघवेना. म्हणून याला मी दोनदा शेणखत दिलं, आणि रोज सकाळी सहाला येऊन हाताने अळ्या वेचल्या."

"आणि त्या अळ्या?"

"शेजारच्या वाफ्यात टाकल्या," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, त्याला औषध आहे, त्याला काय होतंय."

त्यानंतर डॉक्टरांच्या औषधाबद्दल कुणीच काही विचारलं नाही. शेतकरी मावशींभोवती गोळा झाले. खत किती, कधी, खोडापासून किती अंतरावर? मावशी अठ्ठावीस वर्षांत बोलल्या नव्हत्या तेवढं त्या दोन तासांत बोलल्या.

पंधरा दिवसांनी संचालकबाईंचं पत्र आलं. प्रकल्प तीन वर्षांसाठी मंजूर. औषधाची चाचणी नव्याने घ्यायची. शेतकऱ्यांसाठी फोनवरून सल्ला सुरू करायचा. पाट्यांना केंद्रातल्या कुठल्याही डॉक्टरने हात लावायचा नाही. अळ्या दोन्ही वाफ्यांतून रोज सकाळी सहाला वेचायच्या, आणि त्या प्रकल्पप्रमुखाने स्वतः वेचायच्या.

डॉक्टर वेचतात. तक्रार नाही. औषधाचा वाफा या खेपेला तीन बोटं पुढे आहे, हे ते भेटेल त्याला सांगतात. सल्ल्याच्या फोनवर तर त्यांचा आवाज असा खणखणीत असतो की शेजारच्या खोलीत ऐकू जावा. परवा पहिली घंटी वाजताच त्यांनी फोन उचलला.

"बोला. मी स्वतः डॉक्टर बोलतोय. निःसंकोच विचारा."



"मावशी नाहीत का?" पलीकडच्या शेतकऱ्याने अदबीने विचारलं. "मग असू द्या साहेब. तुम्हाला कशाला त्रास, मी जेवून परत फोन करतो."