शेंगा थांबल्या

उत्तमकाका पडद्याकडे पाठ करून सिनेमा पाहतात. छपाईची चूक नाही, मी लिहिलं तेच म्हणायचं आहे. आमच्या सोनाळ्यात त्यांच्याइतके खेळ कुणीच पाहिले नसतील, पण पडद्यावर काय चाललं होतं ते विचारलं तर काका तुमच्याकडेच असे बघतात, जसं काही तुम्ही भलतंच विचारलं.

गावात पूर्वी बाजाराच्या अंगाला पत्र्याची टॉकीज होती. काका तिथे डोअरकीपर. तिकीट फाडायचं, उशिरा आलेल्याला बॅटरीच्या उजेडात जागा दाखवायची आणि फुकट्यांना आत येऊ द्यायचं नाही, एवढं काम. दार होतं पडद्याच्या बाजूलाच. तिथे उभं राहून मान वळवून सिनेमा पाहिला की इकडे दोन जण आत सटकलेच. म्हणून काका पहिल्या दिवसापासून लोकांकडे तोंड करून उभे राहिले, ते टॉकीज बंद पडेपर्यंत. कुठल्याही नटाचा चेहरा त्यांना माहीत नाही. हिरो आला हे त्यांना शिट्ट्यांवरून कळायचं आणि हिरोची आई गेली हे डोळ्यांना लागलेल्या पदरांवरून.

पण त्यांचा खरा अभ्यास शेंगांचा. टॉकीजमध्ये बसलेलं अख्खं गाव भुईमुगाच्या शेंगा फोडायचं. तो कटकट आवाज सगळा वेळ चालू. सिनेमाने लोकांना धरलं की मात्र हात आपोआप थांबायचे आणि आवाज बंद. काका ते मोजायचे. पहिला खेळ सुटला की मालक विचारायचे, "उत्तम, काय म्हनते पिच्चर?"

"सात जागी थांबल्या मालक. दोन हप्ते काही हालत नाही."

एका सिनेमाबद्दल त्यांनी सांगितलं होतं, "एकदाच थांबल्या. ते बी लाइट गेल्ती म्हणून." तो सिनेमा तिसऱ्या दिवशी उतरला.

काकांच्या स्वतःच्या शेंगा मात्र कधीच थांबल्या नाहीत. डाव्या हातात बॅटरी, उजवा हात खिशात, आणि अंगठ्याने शेंग फोडणं अखंड चालू. लोक रडोत की खुर्च्या तोडोत.

टॉकीज बंद पडली, पण काकांची मान काही पुढे वळली नाही. लग्नात सगळे नवरा-नवरीकडे बघतात, काका अंतरपाटाशेजारी उभे राहून वऱ्हाड्यांकडे. त्यांच्या मुलाच्या, म्हणजे संजूच्या लग्नाच्या अल्बममध्ये स्टेजवरून काढलेले काकांच्या टकलाचे एकाहून एक सुंदर फोटो आहेत. कीर्तन असो, प्रचारसभा असो, शाळेतलं झेंडावंदन असो, तिथे शेंगा नसल्या तरी त्यांचा निकाल तोच. एका पाहुण्यांचं भाषण संपल्यावर ते त्यांना हात जोडून म्हणाले होते, "बोलले चांगले तुम्ही, पन शेंगा चालूच होत्या." पाहुणे गाडीत बसेपर्यंत शेंगा शोधत होते.

मी इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नोकरीला लागले त्या आठवड्यात काका माझ्या वर्गाच्या खिडकीत येऊन उभे राहिले. फळ्याकडे बघितलंही नाही, पोरांकडे बघत बसले. जाताना म्हणाले, "नंदे, भागाकारात थांबल्या. भूगोलात काही थांबल्या नाही." तेव्हापासून मी भूगोल नीट शिकवते.

आता या माणसाचं मी काय देणं लागते ते सांगते. माझे वडील गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. कित्येक महिने आईच्या तोंडावर हसू नव्हतं. शेजारच्या बायका एकदा तिला ओढूनच टॉकीजला घेऊन गेल्या; मीही बरोबर होते, दाराजवळच बसलो. सिनेमा विनोदी होता. मध्येच आई खळखळून हसली, आणि लगेच घाबरून तिने पदर तोंडात कोंबला. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं नाही आणि ही दात काढते, असं गाव म्हणेल ही भीती. मी समोर बघितलं तर काका आमच्याकडेच बघत होते. त्यांनी बॅटरी बंद केली आणि दोन पावलं सरकून शेजारच्या ओळीतल्या बायकांच्या आणि आईच्या मध्ये उभे राहिले. आई अंधारात पोटभर हसली आणि मग पोटभर रडली. सुटताना दारात ते एवढंच म्हणाले, "वहिनी, पुढच्या हप्त्यात बी हसाचाच हाये." गावात कुणाला हे कधी कळलं नाही. इतक्या वर्षांत कोण कुठे हसलं, कोण रडलं, कोण कुणाकडे चोरून बघत होतं, सगळं काकांनी पाहिलं. कुठे थांबल्या ते सांगतील, कुणाच्या थांबल्या ते नाही. त्यांचा तो नेम आहे.

घरी टीव्ही आला तेव्हा काका टीव्हीला पाठ लावून रत्नाकाकूंकडे बघत बसायचे. काकू चिडायच्या. "अजी, माह्या तोंडावर काय मालिका लागली काय?" चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. पुढच्याच महिन्यात काका टीव्ही हातगाडीवर घालून शाळेत घेऊन आले. मी म्हटलं, काका, राहू द्या, तेवढीच घरात सोबत होईल. ते म्हणाले, "लावून कोनाले पाहू? भिंतीले?"

संजू शाळेत माझ्याच वर्गात होता. तो आता पुण्याला एका कंपनीत असतो. त्याला सात वर्षांची मुलगी आहे, ओवी. दिवाळीला चार दिवस येते, एरवी दर रविवारी फोन. तो फोन काका आमच्या ओट्यावर बसून स्पीकरवर लावतात, कारण त्यांच्या घरात रेंज येत नाही. त्यामुळे ते बोलणं मला पाठ आहे. जेवली काय? हो. शाळेत गेल्ती काय? हो. मग दोघंही गप्प, आणि ओवी फोन बापाकडे देऊन टाकते. काका फोन खिशात ठेवताना एकदा पुटपुटले, "दोन मिंटं बी टिकत नाही वं पोरगी." हॉल रिकामा होताना बघितलेला माणूस तो. त्याला हे किती लागत असेल, ते मला दिसत होतं.

एका रविवारी मात्र ओवी स्वतःहून बोलली. तिने एक कार्टूनचा सिनेमा पाहिला होता. एका घरातल्या सगळ्यांच्या अंगात शक्ती असते. आई हातात वीज धरते, बाप डोंगर उचलतो, पोरं भिंतीतून आरपार जातात. आजोबा एकेकाळी आभाळात उडायचे, पण आता जमिनीपासून चार बोटं उठले की त्यांना धाप लागते. "आबा, तुम्ही पण बघा, मग आपण बोलू," ओवी म्हणाली.

फोन ठेवल्याबरोबर काका माझ्याकडे वळले. "नंदे, हा पिच्चर शाळेत लाव. लेकरांले दाखव, मायबापांले बी बोलाव. मले पाहाचा हाये."

शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या, प्रोजेक्टर मांडला. पोरं, त्यांच्या आया, थोडेफार बाप, आणि खिसे भरभरून शेंगा. काका इस्त्रीचा सदरा घालून, बॅटरी घेऊन वेळेच्या आधी हजर. आणि सिनेमा सुरू झाल्याबरोबर सवयीने पडद्याला पाठ करून उभे. मी दोनदा खुणावलं, त्यांचं लक्ष नव्हतं. बापाच्या हातून घासता घासता परात चेपते तिथे तिसरा हशा आला आणि बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. शेवटी नात पुलावरून खाली पडते आणि आजोबा तिच्यासाठी उडतात, तिथे हॉलमध्ये चिडीचूप झालं. फक्त काकांच्या खिशात कटकट चालू होती.

रविवारी काकांनी मोठ्या उमेदीने फोन लावला. "ओवी, तिसऱ्यांदा लय जोरात हसली ना तू? आन् शेवटाले रडली. खरं का नाही?"

"आबा, तुम्हाला कसं कळलं?" ओवी ओरडलीच. काका माझ्याकडे बघून हसले. पाठोपाठ दोन रविवार फोन टिकल्याचं मी पहिल्यांदा बघत होते.

"शेवटी आजोबा उडतात ना," ओवी म्हणाली, "तेव्हा त्यांच्या पाठीवर काय असतं, सांगा बरं?"

मी समोरून हातवारे केले, खांद्यावर पदर घेऊन दाखवला. काकांनी माझ्याकडे बारकाईने बघितलं आणि म्हणाले, "पोतं असंल."

मग ओवी हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही बघितलाच नाही. तुम्ही खोटं बोललात." फोन संजूकडे गेला.

दुसऱ्या दिवशी काका सकाळीच आले. "नंदे, मले पाहाले शिकव." मी लॅपटॉप उघडून त्यांना समोर बसवलं. पाचच मिनिटांत त्यांची मान वळली आणि ते माझ्याकडे बघू लागले. मी हनुवटी धरून परत वळवली. परत तेच. शेवटी ते कष्टी होऊन म्हणाले, "नाही जमत वं. डोये आपोआपच फिरतात. पोरीले काय सांगू?"

ते गेल्यावर मी संजूला फोन केला आणि ओवीला मागून घेतलं. तिचा आबा टॉकीजमध्ये काय काम करायचा, शेंगा कशा मोजायचा, सगळं सांगितलं. संजूने तिला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. ती मग म्हणाली, "म्हणजे आबा लोकांचे चेहरे बघतात? मावशी, मला पण दाखवा ना."

पुढच्या शनिवारी परत खेळ लावला. पहिल्यांदा राहिलेली माणसं होतीच, पाहिलेली पोरंही परत आली. माझी आईसुद्धा तिसऱ्या ओळीत येऊन बसली. काका आपल्या जागी, पडद्याला पाठ. या वेळी बॅटरी काखेत आणि डाव्या हातात फोन. फोनच्या मागचा कॅमेरा लोकांकडे, आणि पुढच्या काचेवर पुण्यातली ओवी. तिला आमचा अख्खा हॉल दिसत होता आणि सिनेमाचा आवाज ऐकू जात होता.

"आबा, आता परात चेपणार. आता हसतील बघा."

हॉल हसला. आई तर सगळ्यांत मोठ्याने हसली आणि तिने पदर तोंडाला लावला नाही.

"अजून थोडं तिकडे फिरवा ना. आता गप्प होतील."

गप्प झाले. मी दाराशी उभी राहून काकांकडेच बघत होते. हातातला फोन ओळींवरून फिरत होता, पण नजर काचेवर खिळलेली.

"आबा, आता आजोबा ट्रंक उघडतात. त्यात आजीची हिरवी साडी असते. ती खांद्याला बांधतात. ते पोतं नव्हतं आबा."

"हाव," काका म्हणाले.

"आणि आता उडाले." ओवी काचेच्या अगदी जवळ आली. "आबा, तुमच्याकडे कोण रडतंय?"

"ते सांगत नसतो वं माय," काका म्हणाले.

खेळ सुटला, पोरं बाहेर पळाली. ओवी फोनवर बोलतच होती, पुढच्या शनिवारी कुठला लावायचा ते ठरवत होती. शेवटी संजूने तिला जेवायला ओढून नेलं. काका फोन खिशात घालून माझ्यापाशी आले. मग म्हणाले, "नंदे, लय उपकार झाले तुह्ये." मी म्हटलं, काका, फिटले असं समजू नका, अजून पुष्कळ बाकी आहेत माझ्याकडे. ते कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही.

"किती जागी थांबल्या?" मी विचारलं.

काका विचारात पडले. टॉकीजच्या मालकालाही कधी इतका वेळ थांबावं लागलं नसेल.

"मोजाचंच राहून गेलं वं," ते म्हणाले आणि त्यांनी उजवी मूठ उघडली. खेळ सुरू होताना हातात घेतलेली शेंग तशीच होती, घामाने ओली, न फोडलेली.