कोल्ह्याच्या पारंबीला नऊशे गाठी

एका जंगलात भागोजी नावाचा साळिंदर राहत होता आणि बाळांनो, त्याला सगळे ओळखत होते. खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण पुढे जंगलात सुधारणा झाली, म्हणून मला ती सांगत बसावं लागतंय.

भागोजी बिळं खोदायचा. त्याची पद्धत ठरलेली होती. ज्याला बीळ हवं असेल त्याने भागोजीच्या दारात एक कंद ठेवून जायचं. कंद खाऊन झाला की भागोजी निघायचा. जागेवर जाऊन पायाने जमीन ठोकून बघायचा आणि तीन गोष्टी विचारायचा. राहणार कोण? पोरं किती? आणि भीती कोणाची? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय तो मातीला नख लावत नसे.

पुढचं दार राहणाऱ्याच्या मापाचं. मागे आणखी एक दार, त्याहून बारीक, एखाद्या झुडपात उघडणारं. ते मातीच्या पातळ थराने बुजवलेलं असायचं. आतून डोकं मारलं की मोकळं. ते सापडावं म्हणून भागोजी आपल्या पाठीवरचा एक काटा त्या जागी आतून खोचून ठेवायचा, टोक आतल्या बाजूला. काटा दिसला की तिथे मागचं दार, हे जंगलातल्या सशांच्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होतं. भागोजीचा बाप म्हणायचा, "एका दाराचं बीळ म्हणजे सापळा. असली कामं माणसं करतात, आपण नाही."

तू हात खाली कर. आपल्याकडचे ससे बिळात राहत नाहीत, असं तुझ्या शास्त्राच्या पुस्तकात आहे, मला माहीत आहे. या गोष्टीतल्या सशांनी ते पुस्तक वाचलं नव्हतं.

तर सुधारणा अशी झाली. एक वटवाघूळ शहरात गेलं होतं. तिथे एका मोठ्या कचेरीच्या छताला ते दोन वर्षं उलटं लटकलं आणि माणसं वर कशी चढतात ते त्याने नीट पाहून घेतलं. परत आल्यावर त्याने जंगलातला जुना वड ताब्यात घेतला आणि सगळ्यांची सभा बोलावली. ते म्हणालं, तुम्ही सगळे गुणी आहात, पण तुमचे गुण टांगलेले नाहीत. जे टांगलेलं नाही ते कोणाला दिसणार?

मग प्रत्येकाला वडाची एकेक पारंबी मिळाली. पारंबीवर पळसाचं पान लावायचं. पानावर आपण कोण, काय करतो, ते लिहायचं. ज्याच्याशी ओळख वाढवायची त्याच्या पारंबीला गवताची गाठ मारायची. त्याचा गुण पटला तर पानाखाली चिखलाचा पंजा उमटवायचा. संध्याकाळी वटवाघूळ गाठी मोजायचं. ज्याच्या गाठी जास्त, त्याची पारंबी रस्त्याच्या बाजूला.

पंधरा दिवसांत जंगलातली कामं थांबली आणि वडाखाली पाय ठेवायला जागा उरली नाही. गाढवाने लिहिलं, 'काल माझ्या पाठीवरचं ओझं नदीत पडलं. त्यातून नेतृत्वाविषयी मी शिकलेल्या पाच गोष्टी.' कासवाच्या पानावर 'जलद वाहतूक सल्लागार' असं आलं. एका म्हशीने चिखलातून उठताना 'नव्या प्रवासाला सुरुवात' असं जाहीर केलं. तिचं तीनशे जणांनी अभिनंदन केलं. ती परत चिखलात बसली, तेव्हाही केलं.

भागोजीची बायको साळूबाई त्याच्या मागे लागली, म्हणून तोही एकदा जाऊन आला. त्याने पानावर लिहिलं, 'बिळं खोदतो.' वटवाघूळ म्हणालं, एवढ्याने भागत नाही, काहीतरी वजनदार हवं. भागोजीने बराच वेळ विचार केला आणि पुढे 'नीट' असं लिहिलं. त्याच्या पारंबीला दोनच गाठी पडल्या. एक साळूबाईची. दुसरी एका गांडुळाची, कारण ते त्याला कामावर रोज भेटायचं. अशी पारंबी वडाच्या मागच्या बाजूला, उकिरड्यावर गेली.

आणि सगळ्यांत पुढची, रस्त्यावर आलेली पारंबी होती जंबूराव कोल्ह्याची. तिच्यावर लिहिलं होतं, 'भूमिगत निवास तज्ज्ञ'. गाठी नऊशे. पंजे पाचशे.

जंबूरावाने आयुष्यात एकही बीळ खोदलं नव्हतं. तो दुसऱ्याच्या बिळात राहायचा. पण त्याचं एक वैशिष्ट्य सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं होतं. इतर प्राणी वाघाच्या, हत्तीच्या पारंबीला गाठ मारायला धडपडायचे. जंबूराव तसल्या बड्यांकडे बघायचासुद्धा नाही. तो शोधून शोधून गाठी मारायचा त्या सशांना, तितरांना, लाव्यांना, रानकोंबड्यांना आणि उंदरांना. एकेकाची विचारपूस करायचा. कुठे राहता, घरी कोण कोण असतं, बाहेर केव्हा पडता. एवढा मोठा झाला पण पाय जमिनीवर आहेत हो, असं तितरं म्हणायची.

त्या नऊशेंपैकी काही जण अलीकडे कुठे दिसले नव्हते. पण त्यांच्या गाठी होत्या, आणि वटवाघूळ गाठीच मोजायचं.

आता मंजुळा सशिणीकडे येऊ. तिचे दिवस भरत आले होते. मागच्या खेपेला तिची तीन पिल्लं गवतातल्या उघड्या घरातून नाहीशी झाली होती. कोणी नेली ते तिने पाहिलं नाही. ती परत आली तेव्हा गवतात फक्त एक वास राहिला होता. त्यानंतर दोन दिवस ती त्या गवताभोवती फिरत होती आणि कोणी विचारलं तर चारा शोधतेय म्हणायची. या खेपेला तिला पक्कं बीळ हवं होतं, पौर्णिमेच्या आत.

ती कंद घेऊन भागोजीकडेच निघाली होती. वाटेत तिची जाऊ भेटली. जाऊ म्हणाली, कुठल्या काळात आहेस? आधी वडावर बघावं, मग ठरवावं. दोघी वडाखाली गेल्या. पुढच्या बाजूला नऊशे गाठी होत्या. मागे उकिरड्यावर दोन होत्या, त्यातली एक गांडुळाची.

"पण हा कोल्हा आहे," मंजुळा हळूच म्हणाली.

"अगं, तो कोल्हा नाही," जाऊ म्हणाली, "तज्ज्ञ आहे. बघ, खाली पाचशे पंजे आहेत. त्यात आपले दीडशे."

मंजुळाने पंजे पाहिले. ते बहुतेक तितरांचे होते, आणि तितरांनी बीळ आतून कधी पाहिलं नव्हतं. पण पाचशे म्हणजे पाचशे. एवढे जण चुकतील कसे? तिने गाठ मारली आणि जंबूरावाला काम दिलं. जंबूरावाने पत्ता विचारला, पोरं कधी होणार ते विचारलं, बाहेर केव्हा पडता तेही विचारलं. भीती कोणाची, हे तेवढं विचारलं नाही.

काम मिळाल्यावर जंबूराव थेट भागोजीकडे गेला. तज्ज्ञ झाला म्हणून माती थोडीच उकरणार? भागोजीला दोन महिने कोणी कंद ठेवला नव्हता. साळूबाई झाडाच्या साली उकडून घालत होती. जंबूराव म्हणाला, बीळ तुम्ही खोदा, नाव माझं लागेल, पण तुम्हाला अनुभव मिळेल. भागोजी म्हणाला की बिळं खोदण्याचा अनुभव त्याला थोडाफार आहे. शेवटी चार कंदांवर ठरलं.

भागोजीने आपले प्रश्न काढले. राहणार कोण? जंबूराव म्हणाला, ग्राहकाचं नाव आमच्यात सांगत नाहीत. पोरं किती? ते आपण नंतर मोजू. भीती कोणाची? यावर जंबूराव मनापासून हसला. मग त्याने कारवीची एक काठी पुढे केली.

"दार या मापाचं हवं. आणि एकच. दुसरं दार ही जुनी समजूत आहे."

एवढं बोलून तो झुडपांतून निघून गेला. जाताना त्याचे खांदे दोन बुंध्यांमध्ये क्षणभर अडकले. भागोजीने त्या दोन बुंध्यांमध्ये काठी धरून पाहिली. बरोबर बसली.

दुसऱ्या दिवशी तो जागेवर गेला. तिथे दगडाआड पांढऱ्या लवेचा एक लहानसा ढीग होता. सशिणी पिल्लांसाठी अंथरूण करतात ना, आपल्याच पोटाची लव उपटून, ती. भागोजी तो ढीग बघत उभा राहिला. त्याला राग आला, आणि साळिंदराला राग आला की त्याचे काटे वाजतात. शेजारच्या झाडावरचं माकड घाबरून वर गेलं.

सोडून द्यावं काम, असं त्याला वाटलं. पण त्याने सोडलं तर जंबूराव दुसऱ्या कोणाला तरी गाठणार. मग भागोजीने ठरल्याप्रमाणे बीळ खोदलं. पुढचं दार काठीच्या मापाचं. मागे, करवंदीच्या जाळीत उघडणारं, एक दार सशिणीच्या मापाचं. मातीने बुजवलं आणि पाठीवरचा चांगला जाड काटा उपटून आत खोचला.

मंजुळाने पौर्णिमेच्या आत बीळ गाठलं आणि चार पिल्लांना जन्म दिला. दार जरा मोठं झालं असं तिला वाटलं. पण तज्ज्ञाचं काम, आपण काय बोलणार?

आता जंबूरावाने गप्प राहायला हवं होतं. बाळांनो, जुन्या काळचा कोल्हा गप्प राहिला असता. पण वडाची सवय लागली की काही केल्याशिवाय सांगवत नाही असं नसतं, सांगितल्याशिवाय करवत नाही असं होतं. त्याने आदल्या दिवशीच पानावर लिहिलं, 'कळवण्यास आनंद होतो की उद्या दुपारी माझ्या एका ग्राहकाच्या नव्या घरी जेवायला जात आहे. अशा आपुलकीच्या नात्यांनीच आमचा व्यवसाय वाढतो.'

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तितर मंजुळाच्या दाराशी आलं आणि म्हणालं, "अभिनंदन हो. जंबूराव आज तुमच्याकडे जेवायला येताहेत."

मंजुळाला आश्चर्य वाटलं. तिने तर बोलावलं नव्हतं. घरात काही केलेलंही नव्हतं. थोडा मुळा होता, थोडी दूर्वा होती, आणि कोल्हा तर ते खात नाही. मग तो खाणार काय, असा विचार करत ती पिल्लांकडे वळली आणि तिथेच थांबली. तिने पुढचं दार पाहिलं. मग ते कोणाच्या मापाचं आहे, ते तिच्या ध्यानात आलं.

ती भिंत चाचपत मागे मागे सरकली आणि तिच्या कानाला काहीतरी टोचलं. काळा-पांढरा, जाड काटा.

तिने डोकं मारलं. माती गळली, काटा कडेला तसाच रुतून राहिला आणि करवंदीची पानं दिसली. एक पिल्लू तोंडात धरून ती जाळीत ठेवून आली. मग दुसरं. मग तिसरं. चौथ्यासाठी आत आली, तोच पुढच्या दारात सावली पडली.

"मंजुळाताई, आहात का? घर कसं वाटतंय?"

"दार मोठं झालं हो," ती आतून म्हणाली. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता.

"मोठंच हवं. येणं-जाणं राहतं."

"तुमच्याच मापाचं झालंय."

"अनुभव, ताई, अनुभव," जंबूराव म्हणाला आणि आत शिरला.

तो आत आला आणि त्याच्यासोबत वास आला. मंजुळाने तो ओळखला. मागच्या खेपेला गवतात राहिला होता तोच. क्षणभर तिला वाटलं, आता पळू नये, उलटून याच्या डोळ्यांवर लाथा माराव्यात. पण तोवर तिने चौथं पिल्लू तोंडात उचललेलं होतं. ती मागच्या दाराने निसटली. जंबूरावाने तिच्यामागे मुसंडी मारली. खांदे अडकले, नाक तेवढं पुढे गेलं आणि काटा नाकात आरपार बसला.

त्याची किंकाळी वडापर्यंत ऐकू गेली. वटवाघळाने ती आनंदाची समजून नोंदवली.

मंजुळा पिल्लांना घेऊन भागोजीच्या घरी गेली. साळूबाईने जागा करून दिली. दुसऱ्या दिवशी मंजुळा तडक वडाखाली गेली आणि वटवाघळाला म्हणाली, तुमचा तज्ज्ञ मला खायला आला होता. माझी आधीची पिल्लंही त्यानेच खाल्ली. हे पानावर लिहा.

वटवाघूळ उलटं लटकून होतं, त्यामुळे त्याला सगळं सरळच दिसत होतं. ते म्हणालं, "इथे कडवट बोलायची पद्धत नाही. पंजा द्यायचा असेल तर चिखल तिकडे आहे."

मग ती आपली गाठ सोडवायला गेली. पण पारंबी फुगत जाते तशी गाठ आत रुतत जाते. नखं तुटली, गाठ सुटली नाही. तिने सशांना गाठून गाठून सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमच्या गाठी किती? ती म्हणाली, अकरा. ससे म्हणाले, बघू हं.

आठवड्याने जंबूराव नाकात काटा घेऊन वडाखाली आला. तो निघतच नव्हता. त्याने नवं पान लावलं. 'तळागाळातल्या कारागिरांच्या सन्मानासाठी मी हा काटा अभिमानाने धारण करत आहे.' दोन हजार जणांनी अभिनंदन केलं. त्याच दिवशी त्याच्या हजार गाठी पूर्ण झाल्या. संध्याकाळी भागोजीच्या दारात तितरांची रांग लागली. बीळ कोणालाच नको होतं. नाकात घालायला काटा हवा होता.

भागोजीने दार लावून घेतलं. दारात मंजुळाने ठेवलेला एक कंद होता. तो त्याने आणि साळूबाईने अर्धा अर्धा खाल्ला, आणि सकाळी तो पायाने जमीन ठोकत तिच्या नव्या बिळासाठी जागा बघायला निघाला. जाण्यापूर्वी त्याने तिला तिन्ही प्रश्न विचारले. तिसऱ्याचं उत्तर द्यायला तिला या वेळी वेळ लागला नाही.

तात्पर्य: ओळखी वाढवाव्यात, पण सरसकट वाढवू नयेत. आपल्या पोटापाण्याशी ज्यांचा थेट संबंध आहे, त्यांच्याशीच वाढवाव्यात. जंबूरावांनी एवढंच पथ्य पाळलं होतं.