आबांची अर्धी सुई

आमच्या शेजारच्या आबांच्या घरात माठाखालच्या ओल्या वाळूत औषधाच्या अर्ध्या बाटल्या पुरलेल्या असतात. 'ठंडं ऱ्हास,' असं ते सांगतात. शिंदखेड्याच्या मेडिकलमधून आणलेली ही इंजेक्शनं त्यांच्या एकुलत्या एका म्हशीसाठी, चंद्रीसाठी. ती शिंकली की सुई, चारा सोडला की सुई, आणि यातलं काहीच केलं नाही तर 'इतली गप का बरं शे?' म्हणून सुई. पण पाच दिवसांचं औषध पाच दिवस कधी दिलं नाही. चंद्रीने वैरणीला तोंड लावलं की उरलेली बाटली वाळूत.

औषध चालू असताना दूध विकू नये, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यात माझा स्वार्थ होता. अर्धा लिटर माझ्याकडेच येत होतं. 'मास्तर, दूध उकळं का बठ्ठं मरी जास,' उकळल्यावर सगळंच मरतं, अशी त्यांनी माझीच समजूत काढली. औषध उकळून जात नाही, हे मी शाळेत शिकवू शकतो, आबांना नाही. आम्ही हल्ली चहा कमी केलाय असं सांगून मी गुपचूप पिशवीचं दूध सुरू केलं.

यंदा चंद्रीला दगडी झाली, कास सुजून कडक झाली. आबांनी वाळूतल्या तीन बाटल्या संपवल्या, पण सूज हलेना. शेवटी जनावरांचे डॉक्टर आले. "अर्धवट डोस देऊन देऊन ही औषधं आता लागू पडत नाहीत," ते म्हणाले. "दूध तपासायला धुळ्याला पाठवतो. तोवर दोन दिवस फक्त सुजेचं औषध. मनाने काही टोचलंत तर म्हैस हातची जाईल."

संध्याकाळी आबा सुया-बाटल्यांचा डबा घेऊन माझ्याकडे आले. "हाई तुमनाकडे ठेवा. मी मांगं तरी देऊ नका." डबा दिला, पण घरी गेले नाहीत. ओट्यावर बसून राहिले.

"आबा, दोनच दिवस तर थांबायचंय," मी चिडवलं.

"तेच जमस नही. मन्ही घरवालीले ताप व्हता. सकाय दखू, सकाय दखू करत मी थांबनू. तिसरा रोज ती चालनी गयी."

इतकी वर्षं या माणसाला हसत होतो, याची मला लाज वाटली. माझ्या बायकोने त्यांनाही जेवायला वाढलं. उठताना त्यांनी उद्याचं विचारलं, "सकाय बी ईसन बसू का? घर राहिनू तं हात थांबाव नही."

धुळ्याच्या तपासणीतून कळलेलं औषध या वेळी पुरे दिवस दिलं. चंद्री वाचली, एक सड मात्र कायमचा आटला. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस आबांनी दूध खड्ड्यात ओतलं.

आता थांबण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी आबा रोज संध्याकाळी येतात, 'बठ्ठं बरं शे' एवढं सांगतात आणि बसून राहतात.