मंगळवारची गोळी

"डॉक्टरसाहेब, साखरेच्या आजाराची गोळी पोटात जाऊन साखर खाती म्हणं. मग ती खाल्लेली साखर जाती कुठं?"

शेवंताने हा प्रश्न अख्ख्या नववीसमोर उभं राहून विचारला. येरमाळ्याच्या शाळेत त्या दिवशी डॉक्टर लस टोचायला आले होते आणि शेजारच्या नसीमने तिला कोपराने ढोसून ढोसून बेजार केलं होतं. "पूछ की गे! डरती क्या? पूछी तर वर्षभराचे भूगोलाचे नकाशे मी काढते!" दिवाळीपर्यंत शेवंता हजेरीलासुद्धा पुटपुटायची. पण भाषणात पहिला नंबर आल्यापासून तिचा आवाज मैदानापलीकडच्या वडापर्यंत जायला लागला होता. नकाशे सोडते होय?

मुलं फिदीफिदी हसली. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

"गोळी साखर खात नाही बाळ. पोटाच्या मागं एक ग्रंथी असते. आळशी गड्यासारखी पडून राहते. गोळी तिला हलवून उठवते. मग ती एक रस सोडते आणि तो रस रक्तातली साखर अंगाला कामाला लावतो."

"आन् पोटात काहीच नसलं तर?"

"तर गडी उठून आहे तेवढीही साखर संपवतो. घाम फुटतो, हातपाय कापतात, माणूस बडबडतो, बेशुद्धही पडतो. म्हणून ही गोळी उपाशीपोटी कधीच घ्यायची नाही."

शेवंताचा चेहरा उतरला. आज मंगळवार. आण्णांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, उपास. सकाळीच त्यांना पाण्याबरोबर साखरेची गोळी गिळताना तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. एक नाही, दोन!

"आमच्या आण्णांनी घेतलीय!" एवढं ओरडून ती पळत सुटली. दप्तर बाकावर, चपला दाराशी.

आण्णांची, म्हणजे महारुद्रची, हमरस्त्याला लागून पिठाची गिरणी होती आणि गिरणीमागेच घर. दुरूनच शेवंताला कळलं की गिरणीचा आवाज बंद आहे. आत पाहते तर आण्णा पोत्यांच्या थप्पीवर बसलेले. अंगावर पीठ, पिठावर घाम, घामावर हळदकुंकू. माणूस अर्धा मळून झाला होता. हातपाय लटलट कापत होते आणि दळणाला आलेल्या सगळ्या बाया डबे बाजूला सारून हात जोडून बसल्या होत्या.

"माय, काय झालं गं?"

मायच्या, म्हणजे कमलबाईंच्या, आधी विठाबाईच बोलल्या. दळणाच्या रांगेत पहिला नंबर त्यांचा असे आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीतही. "हळू बोल पोरी! येडाई आलीय त्यांच्या अंगात. मंगळवारचा कडक उपास फळाला आला बघ!"

"आई, माझी म्हैस कुठं गेली सांग," एकीने पदर पसरला.

आण्णांनी कापरा हात स्वयंपाकघराकडे केला. तिकडे शिंक्यात भाकरी होत्या. "तिकडं... तिकडं..."

"परसाकडं!" म्हणत ती बाई धावली.

"भाकर द्या," आण्णा पुटपुटले. "लई भूक..."

"ऐकलंत का? आईला निवद पाहिजे!" विठाबाई कडाडल्या. "शिळी भाकर चालायची न्हाय. कमलबाई, चूल सारवा, पुरण घाला! आन् निवद दावल्याबिगर कुणी काही तोंडात घालायचं न्हाय!"

कमलबाई बिचाऱ्या भेदरून चुलीपुढे. डाळ कुठे आत्ताशी आधणात पडली होती. ती शिजणार, वाटली जाणार, पोळ्या लाटल्या जाणार, तोवर इकडे आण्णा डोळे फिरवायला लागले होते.

शेवंताने पुरणासाठी काढलेला गुळाचा खडा उचलला. विठाबाईंनी तिचं मनगट धरलं. "अगं भवाने! निवद दावायच्या आधीच उष्टा करती?"

"देवी इथंच बसलीय म्हणता न्हवं?"

"व्हय!"

"मग लांबनं कशाला दावायचा? तोंडातच घालती की!"

विठाबाईंची पकड सैल झाली. तेवढ्यात शेवंताने बापाच्या तोंडात गूळ कोंबला, वर घोटभर पाणी. पुन्हा गूळ. बाया हात जोडून बघत राहिल्या. दहा-पंधरा मिनिटांनी आण्णांचे हात थांबले. त्यांनी कपाळाला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं.

"हे काय चोपडलंय? आन् गिरणी कुणी बंद केली?"

"गेली आई," विठाबाई हळहळल्या. "नुसत्या गुळावर भागवलं तिनंन."

मागोमाग डॉक्टर सायकलवरून घामाघूम होऊन आले. आण्णांनी त्यांना आपलं गणित समजावलं. "गोळीनं साखर कमी व्हती, उपासानं बी व्हती. दोन्ही एकदम केलं, वर एक गोळी जादा, तर आजार लवकर जाईल!"

"आजाराच्या आधी तुम्ही गेला असता," डॉक्टर म्हणाले. "आता पोटभर जेवा. गोळीचा जोर अजून उतरलेला नाही."

"जेवण दिवा लागल्यावर. नवस हाय." आण्णांनी मान फिरवली. "ही पोर तीन वर्षांची असताना तापानं हातची चालली व्हती. तवाच येडाईला बोललो, पोर वाचव, हयातभर मंगळवार धरीन. उद्यापास्नं गोळी सोडतो, उपास न्हाय सोडणार."

 कमलबाई पदराने डोळे पुसू लागल्या. शेवंता मात्र उठली, शिंक्यातली भाकर काढली, वर पिठलं घातलं आणि ताट आण्णांपुढे आदळलं. भाषणाच्या वेळी राहायची तशी ताठ उभी राहिली.

"आण्णा, माय, ऐका. म्या ठरवलंय. जीव माझा वाचला, तर उपास बी माझाच. आजपास्नं मंगळवार म्या धरणार. तुमी आत्ता भाकर खायची आन् उद्यापास्नं आधी भाकर, मग एकच गोळी. आन् माय, आज माझा उपास, तर ते पुरण माझ्यासाठी उद्यापर्यंत झाकून ठेव. पुरणात बी पहिला नंबर विठाबाईंचा नको; आधी त्यांना घरी पोचीव, मग झाक."