पाक दारसोनोंची तरुण नजर

पाक दारसोनोंनी, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत दारसोनोरावांनी, पेपर वाचून संपवला, घडी घातली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की डोळ्यांवर चष्मा नाहीच, तो खिडकीत पडलाय. त्यांनी पेपर पुन्हा उघडला. बारीक अक्षरातल्या श्रद्धांजल्या वाचल्या, मलमाच्या डबीवरचा मजकूर वाचला आणि अंगणात येऊन ओरडले, "लास्मिनी! माझे डोळे अठरा वर्षांचे झाले!"

"बाकीचं शरीर साठीचंच आहे ना? मग ती बादली उचला," त्यांची बायको लास्मिनी कपडे वाळत घालता घालता म्हणाली. "आणि बाथरूममध्ये मुंग्या कुठून येतायत, तेही बघा त्या तरुण डोळ्यांनी."

"साखर सांडते तुझ्या हातून."

"बाथरूममध्ये?"

दारसोनोंनी या चमत्काराचं श्रेय दारावर झाडपाल्याचा जामू विकायला येणाऱ्या बाईच्या गोड काढ्याला देऊन टाकलं. हल्ली घशाला फार कोरड पडायची, म्हणून ताडगूळ घातलेले तीन तीन पेले रिचवायचे, वर पाकासारखा चहा. जावा बेटावरच्या त्यांच्या सोलो शहरात बिनसाखरेचा चहा पाहुण्याला दिला तर तो पुन्हा पायरी चढत नाही. तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. लांबचा मशिदीचा मनोरा अलीकडे जरा केसाळ दिसायचा, पण ते शहरातल्या धुराचं पाप.

चष्मा सुटल्याची बातमी गल्लीभर झाली. स्वातंत्र्यदिनाच्या बॅडमिंटन स्पर्धेची सगळी धावपळ करणारे पाक वागिमान संध्याकाळीच आले. "पाक, अंतिम सामन्याला रेषापंच मिळेना. तुमच्यासारखी नजर आहे कुणाची इथे?"

सामना होता बायकांच्या दुहेरीचा. एका बाजूला लास्मिनी आणि तिची चुलतबहीण, दुसऱ्या बाजूला वागिमानांची बायको सुलास्त्री आणि तिची नणंद. बक्षीस होतं भाताचा विजेचा कुकर. लास्मिनीचा जीव त्या कुकरवर जडला होता, कारण घरचा कुकर खालचा भात करपवायचा आणि वरचा कच्चा ठेवायचा.

दारसोनो ऐटीत खुर्चीवर बसले. पहिलं शटल वर गेलं ते त्यांच्या दृष्टीने परत आलंच नाही. समोर चार लाल-पांढरे ठिपके इकडून तिकडे पळत होते. सणाचा दिवस म्हणून चौघींनी देशाच्या झेंड्याच्या रंगांचे सारखेच सदरे घातले होते.

"आत की बाहेर, पाक?" वागिमानांनी विचारलं.

दारसोनोंनी झटपट विचार केला. आत म्हणावं तर लोक म्हणणार, बायकोला जिंकवतोय. बाहेर म्हटलं तर निदान अब्रू शाबूत. "बाहेर!" ते गरजले.

मग लास्मिनीचं रेषेजवळ पडेल ते शटल बाहेर जायला लागलं. लोक टाळ्या पिटू लागले. "माणूस असावा तर असा! सख्ख्या बायकोला सोडत नाही!" दारसोनो मधेच दोनदा खेळ थांबवून लघवीला धावले, त्याचंही कौतुक झालं; केवढा ताण घेतोय बिचारा!

लास्मिनीने डोळे वटारले. या डोळ्यांपुढे दारसोनोंच्या हातातली पेटती सिगारेट आपोआप विझायची. पण इतक्या लांबून त्यांना नुसता एक तांबूस गोळा दिसला. त्यांनी त्या गोळ्याकडे बघून प्रेमाने हात हलवला.

शेवटी लास्मिनीने असा फटका मारला की शटल रेषेच्या चांगलं हातभर आत पडलं. सुलास्त्रीसुद्धा म्हणाली, "वा!"

"बाहेर!" दारसोनो म्हणाले, आणि कुकर गेला.

आता बायकोची समजूत काढायला हवी. ते लगबगीने मैदानात उतरले आणि पहिल्या लाल-पांढऱ्या ठिपक्याजवळ जाऊन, मान खाली घालूनच, हळूच म्हणाले, "रुसू नकोस गं. घरी चल, पाय चेपून देतो तुझे. त्या सुलास्त्रीचं काय मनावर घेतेस? उड्या मारते नुसती गाभण शेळीसारखी!"

"कोण शेळी?" सुलास्त्रीने विचारलं.

"कुणाचे पाय?" वागिमानांनी विचारलं.

"अहो, मी इकडे आहे!" मैदानाच्या पलीकडून लास्मिनी ओरडली. मग तिला काहीतरी शंका आली. तिने हात वर केला. "किती बोटं आहेत?"

"कुठली बोटं?"

लास्मिनीच्या हातातली रॅकेट गळून पडली. राग कुठल्या कुठे गेला. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच ती नवऱ्याला घेऊन दारात उभी होती.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण आवाज करडा. त्यांनी बोट टोचलं, यंत्रातला आकडा बघितला आणि भुवया उंचावल्या. "पाक, तुमची नजर सुधारलेली नाही. रक्तातली साखर बेसुमार वाढलीय. त्याने डोळ्यातलं भिंग फुगतं. जवळचं स्वच्छ दिसायला लागतं आणि लांबचं धूसर. तहान फार लागते? सारखं लघवीला? बाथरूममध्ये मुंग्या?"

"बघा!" लास्मिनी म्हणाली. "साखर सांडत होती, पण माझ्या हातून नाही!"

"मग लांबचा चष्मा करू का?" दारसोनोंनी पडेल आवाजात विचारलं.

"आत्ता मुळीच नको. साखर ताब्यात आली की भिंग हळूहळू मूळ आकाराला येईल. काही आठवडे धीर धरा, नाहीतर चष्म्याचे पैसे पाण्यात. आणि डोळ्याच्या आतला पडदा तपासून घ्या, दर वर्षी. तिथे बिघडलं तर कळतही नाही."

पडदा ठीक निघाला. गोळ्या सुरू झाल्या. दारसोनो बिनसाखरेचा चहा पीत नसत, सोसत. पण एका सकाळी मशिदीच्या मनोऱ्याचे केस गळून पडले, आणि पेपरातली अक्षरं मात्र मुंग्या होऊन पळाली. खिडकीतला वाचायचा चष्मा परत नाकावर आला.

त्याच दिवशी लास्मिनी वागिमानांच्या दारात गेली. "कुकर उघडला नाहीत ना अजून? सामना परत व्हायला हवा."

वागिमान कुरकुरले, पण सुलास्त्री म्हणाली, "होऊ दे की. पण पंच तेच हवेत. शेळी कशी खेळते ते नीट बघू देत एकदा."

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या गुणाला लास्मिनीने जीव खाऊन फटका मारला. शटल रेषेच्या बोटभर बाहेर पडलं. दारसोनोंना ते लख्ख दिसलं. त्याच्यामागे उभी असलेली बायको आणि तिचे डोळेही लख्ख दिसले.

"बाहेर," ते इतक्या हळू म्हणाले की पुन्हा म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लास्मिनीने नवऱ्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं. "बाई, यांची साखर परत चढलीय. बघा जरा."

डॉक्टरीणबाईंनी बोट टोचलं. भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. दारसोनोंनी तो खालच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला. "छान! साखर अगदी ताब्यात आहे आणि लांबची नजर उत्तम."

लास्मिनीने ते यंत्र हातात घेतलं, उलटंपालटं केलं, कानाशी नेऊन हलवून पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या यंत्रातला सेल संपलाय."