आशिष मागे

बनुबाई सरपंच झाल्या आणि पहिल्याच प्रजासत्ताकदिनी त्यांनी नवऱ्याला बजावलं, "झेंड्याची दोरी म्या वढनार. तुमी न्हाई."

"वढ की! मी कुठं नगं म्हनतो?" गहिनीनाथ म्हणाले. इस्त्रीची टोपी मात्र त्यांनी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती.

शाळेकडे जाताना बनुबाई राष्ट्रगीत पुटपुटत होत्या. मधेच थांबल्या.

"अवो, पंजाब, सिंध, गुजरात, मराठा, समदं कळलं. पर 'शुभ आशिष मागे' म्हंजे काय वो?"

गहिनीनाथांना ठाऊक नव्हतं. पण बायकोनं विचारावं आणि त्यांनी उत्तर देऊ नये, असं त्यांच्या संसारात कधी घडलं नव्हतं.

"सोपं हाय. आपल्या ग्रामसेवकाचं नाव काय?"

"भाऊसाहेबाचं? आशिष."

"मग? झेंड्याचा मान सरपंचाचा. आशिषनं मागं उभं ऱ्हायचं."

"अवो, गानं त्याच्या जल्माआधीचं हाय!"

"म्हनून तर बापानं तेच नाव ठिवलं. पोरगं ग्रामसेवक व्हनार, ठावं हुतं त्याला."

शाळेच्या मैदानात सारं गाव जमलं होतं. घडी घातलेला झेंडा खांबाच्या टोकाला बांधलेला, आत झेंडूच्या पाकळ्या. भाऊसाहेब दोरी बनुबाईंच्या हाती देणार, तोच त्या हळूच म्हणाल्या, "तुमी मागं व्हा."

"आँ?"

"मागं! गान्यात हाय."

सरपंचांचा हुकूम. भाऊसाहेब झटकन मागे सरले, आणि हातातली दोरीही त्यांच्याबरोबर मागे गेली. वर गाठ सुटली, झेंडा फडकला, पाकळ्या नेमक्या खांबाशी उभ्या असलेल्या गहिनीनाथांच्या टोपीवर पडल्या. झेंडा फडकलेला बघून मुलांनी "जन गण मन" सुरू केलं. आता हलायची सोय नव्हती. बनुबाई रिकाम्या हातांनी सावधान उभ्या होत्या आणि नुसत्या डोळ्यांनी नवऱ्याला भाजून काढत होत्या. गहिनीनाथांना नाकावरची पाकळीही काढता येईना.

गीत संपलं. निवडणुकीत पडलेला सूर्यभान ओरडला, "अवो, आपला सरपंच कोन? भाऊसाहेब का?"

हशा पिकला. बनुबाईंनी मुख्याध्यापिका आरती मॅडमना गाठलं. "म्याडम, 'आशिष मागे' म्हंजे काय?"

"मागे म्हणजे मागतात, बाई. सगळे तुझे आशीर्वाद मागतात, असा अर्थ."

बनुबाईंनी वळून नवऱ्याकडे बघितलं. वाटपाची जिलेबी तोंडाशी नेलेले गहिनीनाथ हळूच मुलांच्या रांगेमागे सरकले.

दिवस मावळायच्या आत झेंडा उतरवायचा होता. त्याला ना भाषण, ना गर्दी. बनुबाईंनी दोरी मागितली, भाऊसाहेबांनी ती दोन्ही हातांनी दिली. गहिनीनाथ आपणहून पार कुंपणाला टेकून उभे होते.

"अवो, तिकडं काय करताय?"

"मागं ऱ्हायलोय."

"फुडं या! हात पसरा. मी उतरवते, तुमी झेला. भुईला लागला तर बघा!"

झेंडा सावकाश खाली आला आणि गहिनीनाथांच्या हातांवर विसावला. बनुबाईंच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदाच हसू आलं.

"आता घडी कशी घालायची वो?"

गहिनीनाथांनी तोंड उघडलं, मिटलं; मग ते बारीक आवाजात म्हणाले, "भाऊसाहेबाला इचार."