छपराचा ठराव

चौथीच्या वर्गात सातवं पातेलं मांडून झालं आणि छपराने आठव्या ठिकाणी धार धरली. मोतीराम गुरुजींनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि खिडकीकडच्या रांगेला दोन फूट आत सरकायला सांगितलं. रांग सरकली, ती थेट तिसऱ्या पातेल्यात. मुलं खूश झाली. गुरुजींना मात्र रडावं की बेरीज शिकवावी हे कळेना. शेवटी त्यांनी बेरीज शिकवली, कारण ती येत होती.

लासलगाव आणि निफाडच्या मधल्या धामणवाडीत शाळेचं छप्पर पाच पावसाळे गळत होतं. हेच गाव दर हंगामात द्राक्षाच्या बागांवर प्लास्टिकचं कापड ताणायचं, घडाला थेंब लागू नये म्हणून. घड जपणाऱ्या गावाला पोरं दिसत नव्हती असं नाही. पोरं फक्त वेळेवर दिसत नव्हती.

छपराला हवा होता ग्रामसभेचा ठराव. मागच्या वेळी तो झालाही होता. सभेला सरपंच झुंबरबाई, ग्रामसेवक किशोर भाऊसाहेब, स्वतः गुरुजी आणि चुकून आत शिरलेला एक लग्नपत्रिका वाटणारा एवढी माणसं होती. तालुक्याच्या कचेरीने कागद परत पाठवला. वर शेरा होता, की चार माणसांचं म्हणणं हे गावाचं म्हणणं नव्हे, किमान शंभर सह्यांसह यावे.

"शंभर माणसं आणायची कुठून?" भाऊसाहेब म्हणाले. "गुरुजी, आपल्या गावात शंभर मतं आहेत, पण ती सगळी पारावर. सभेत एक नाही."

हे खरं होतं. धामणवाडीला प्रत्येक विषयावर मत होतं. दिल्लीत कोणी काय करायला हवं, कांद्याची निर्यात कधी खुली करावी, क्रिकेटमध्ये सलामीला कोणाला पाठवावं, चंद्रावर पाणी सापडलं तर ते आधी कोणाला द्यावं, हे सगळं पारावर म्हाताऱ्या पुंजाआबांच्या बाकड्यावर रोज सकाळी निकालात निघायचं. गावाला मत नव्हतं ते फक्त गावातल्या गोष्टींवर.

तेव्हा गुरुजींनी मनाशी एक डाव रचला. पंधरा ऑगस्टला ग्रामसभेच्याच दुपारी भारताचा क्रिकेटचा सामना होता, आणि त्याच दुपारी अवकाशात एक यानही सुटणार होतं. शाळेचा मोठा टीव्ही समाजमंदिरात लावायचा. मुलांना यान दाखवायचं, मोठ्यांना सामना. दारात हजेरीचं रजिस्टर ठेवायचं आणि सही केल्याशिवाय कोणाला आत सोडायचं नाही. माणसं जमली की दोन षटकांच्या मधे छपराचा विषय मांडायचा. झुंबरबाईंना कल्पना पसंत पडली. भाऊसाहेबांना तर इतकी पसंत पडली की ते आलेच नाहीत. त्यांच्याकडे तीन गावं होती आणि तिन्ही गावांच्या ग्रामसभा एकाच दिवशी होत्या. ठरावांची वही ते तेजलच्या हाती देऊन गेले.

तेजल ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसायची. तिला नोकरी लागून आठच दिवस झाले होते. ती गुरुजींचीच विद्यार्थिनी. चौथीत असताना श्रुतलेखनात तिने एकदाही मार्क घालवला नव्हता. तिने सकाळीच येऊन विचारलं, "गुरुजी, सभेचं कसं लिहायचं असतं?"

गुरुजींना आनंद झाला. शिकवायची संधी त्यांनी आयुष्यात कधी सोडली नव्हती. "सोपं आहे, बाळ. कोणी मांडलं तो सूचक. त्याला हो म्हटलं तो अनुमोदक. सगळे हो म्हटले तर सर्वानुमते मंजूर. आणि एक लक्षात ठेव. जे बोललं जाईल तेच लिहायचं. आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही, समोरच्याचं एक गाळायचं नाही."

तेजलने मान डोलावली. हेही तिने लिहून घेतलं.

दुपारी डाव असा काही जमला की गुरुजींना स्वतःचाच हेवा वाटला. दारात रांग लागली. एकशे सव्वीस सह्या झाल्या. पुंजाआबांनी तर दोनदा केली. पहिली मनासारखी आली नव्हती. झुंबरबाई खुर्चीवर बसल्या. तेजल त्यांच्या शेजारी वही उघडून बसली. गुरुजी खिशातला कागद चाचपत उभे राहिले.

"मंडळी, सामना सुरू होण्याआधी एकच विषय," ते म्हणाले.

"नाणेफेक होऊ द्या, गुरुजी," मागून कोणीतरी म्हणालं. गुरुजी बसले.

नाणेफेक झाली आणि ते उठले. पहिलं षटक होऊ द्यावं असं ठरलं. षटक झालं, ते उठले, आणि नेमका तेव्हाच सलामीवीर बाद झाला. आता कोणी उठण्यासारखं वातावरणच राहिलं नाही. त्याला घरी बसवलंच पाहिजे, असं पुंजाआबा म्हणाले. त्यांच्या शेजारच्या सावळीरामने होकार दिला आणि सगळ्या समाजमंदिराने हात वर केले. गुरुजींना वाटलं, एवढे हात छपरासाठी वर झाले असते तर छप्पर हातांवरच तोलून धरता आलं असतं.

मग मुलांनी यानाची आठवण करून दिली म्हणून चॅनल बदललं. यान सुटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, गुरुजींचेही डोळे भरून आले. ते मुलांना टप्पे समजावू लागले, तोच पुंजाआबांनी सुरुवात केली.

"आकाशात जायला पैका हाय, आन आपल्या फाट्याला डांबर नाय. आधी फाटा करा, मग चंद्र."

"आबा, यानाला फाटा लागत नाय, म्हणून तर ते टायमावर पोचतं," बागायतदार धनराज म्हणाला. "आपल्या फाट्यानं पाठवलं असतं तर अजून खड्ड्यात असतं. मी म्हणतो, कांदा ठेवायचं कोठारच तिकडं करा. थंड पण हाय, आन निर्यातबंदी पण नाय."

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, एकदम पास. मग कांद्यावरून निर्यात, निर्यातीवरून दिल्ली आणि दिल्लीवरून मतदानाचं वय निघालं. ते साठच्या पुढं असावं असं पुंजाआबांचं मत पडलं, कारण त्याआधी माणसाला अक्कल येत नाही. धनराजने विचारलं, साठीनंतर आल्याचा काही पुरावा आहे का. गुरुजी चौथ्यांदा उठले आणि चौथ्यांदा बसले. तेजल मान खाली घालून लिहीत होती. गुरुजींना तेवढंच समाधान होतं, की पोरगी निदान काम शिकते आहे.

आणि मग वीज गेली.

गुरुजींना वाटलं, देव आहे. टीव्ही काळा पडला, समाजमंदिर एका क्षणात शांत झालं. त्यांनी कागद उघडला. "मंडळी, शाळेच्या छपराचा..."

"धनराजकडं इन्व्हर्टर हाय," सावळीराम म्हणाला.

सव्वाशे माणसं उठली. चपलांचा ढीग कोसळला. गुरुजी दारात आडवे उभे राहिले, पण गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी निघून जाऊ लागली. छपरासाठी पाच पावसाळ्यांत त्यांनी आवाज चढवला नव्हता, तो आज चढला.

"जा. राहू द्या. गळू द्या ते छप्पर. मी पोरांना पोहायला शिकवतो."

"हां हां, गुरुजी, चालंल," जाता जाता गर्दी म्हणाली. "शिकवा, शिकवा."

दुसऱ्या दिवशी गुरुजी ग्रामपंचायतीत गेले तेव्हा किशोर भाऊसाहेब कपाळाला हात लावून बसले होते. समोर वही उघडी होती. अक्षर मोत्यासारखं होतं. ठराव एक, सलामीवीरास घरी बसवावे. सूचक पुंजा, अनुमोदक सावळीराम, सर्वानुमते मंजूर. ठराव दोन, आधी फाटा, नंतर चंद्र. ठराव तीन, कांद्याचे कोठार चंद्रावर करावे. चौथा मतदानाच्या वयाचा होता, त्यावर धनराजची हरकत नमूद केली होती. पाचव्यापाशी गुरुजींचं बोट थांबलं. शाळेचे छप्पर गळू द्यावे व मुलांस पोहायला शिकवावे. सूचक मोतीराम गुरुजी. अनुमोदक, उपस्थित सर्व. सर्वानुमते मंजूर.

"पान फाडता येईल?" गुरुजींनी विचारलं.

"पानांना नंबर आहेत. आणि हिने कालच ऑनलाइन चढवलंय. सह्यांसकट."

"मग रद्द?"

"होईल की. पुढच्या ग्रामसभेत. शंभर सह्या आणा."

तेजल दाराशी उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. "गुरुजी, माझं काही चुकलं का?"

गुरुजींनी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. चूक शोधायची सवय चाळीस वर्षांची होती. एकही सापडली नाही. "नाही बाळ," ते म्हणाले. "एक अक्षर चुकलं नाही."

धामणवाडीच्या इतिहासात कचेरीचं उत्तर कधी वर्षाच्या आत आलं नव्हतं. हे तीन आठवड्यांत आलं. पहिले चार ठराव या कार्यालयाच्या कक्षेत येत नसल्याने परत केले होते. पाचवा मंजूर होता. त्यास कोणताही खर्च येत नसल्याने अन्य परवानगीची आवश्यकता नाही, असं लिहून कचेरीने गावाच्या पुढाकाराबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. सोबत एक तक्ता होता. जलतरण प्रशिक्षणाची माहिती त्यात भरून पाठवायची होती.

पुंजाआबांनी पत्र बाकड्यावर दोनदा वाचून घेतलं. गुरुजी समोरून जाताना दिसले तशी त्यांनी हाक मारली. "आमचे चार नापास आन तुमचा एकच पास? वर वळख हाय म्हणून सांगायचं होतं की, गुरुजी. कांद्याचंबी तुमच्याच नावावर टाकलं असतं."

गुरुजी नुसते हात जोडून पुढे गेले. बोललेलं लिहिलं जातं, हे त्यांना आता कळलं होतं.

शाळेत तेजल तक्ता घेऊन बसली होती. बाहेर पाऊस होता, आत चौथी. मुलांची नावं तिने भरली होती. प्रशिक्षकाच्या रकान्यात गुरुजींचं नाव टाकलं होतं. पुढच्या रकान्यापाशी ती अडली.

"गुरुजी, पाण्याची खोली विचारलीय. काय लिहू?"

गुरुजींनी टेबलावरची लाकडी पट्टी उचलून तिच्या हातात दिली. "असेल ते लिही."

तिने पट्टी सगळ्यात मोठ्या पातेल्यात उभी धरली. चौथीची मुलं उठून भोवती जमली आणि श्वास रोखून बघू लागली.

"साडेचार इंच," ती म्हणाली. "आणि शेऱ्यात?"

वर पाहायची गरज नव्हती. गुरुजींना नुसत्या आवाजावरून कळलं, नववी धार सुरू झाली होती.

"शेऱ्यात लिही," ते म्हणाले, "वाढत आहे."